टेबल झेडपीत, हजेरी कंपनीत: सरकारी कामांच्या सल्लागार कंपनीतील चार वर्षांचे परीक्षण

या नोकरीत सर्वांत आधी हातात पडते ते गळ्यात घालायचे ओळखपत्र. माझ्या ओळखपत्रावर वरच्या भागात योजनेचे नाव ठळक अक्षरांत होते, शेजारी तिचे बोधचिन्ह होते आणि अगदी तळाशी, चष्म्याशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत, मला नेमणाऱ्या कंपनीचे नाव होते. माझ्या बाबांनी त्याचा वरचा भाग वाचला आणि संध्याकाळपर्यंत गावभर सांगून टाकले की पोरगी झेडपीत लागली. पुढे चार वर्षांत मी त्यांना पाच-सहा वेळा तरी खरे काय ते समजावून सांगितले असेल, पण प्रत्येक वेळी त्यांचा प्रश्न एकच असे: मग तुझे टेबल झेडपीत कसे?

यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडे समाजकार्य, कृषी किंवा स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या मुलामुलींच्या मोबाईलवर अशा नोकऱ्यांच्या जाहिराती आठवड्याला दोन-तीन तरी येतात. त्यातले काही जण मला फोन करून दोनच गोष्टी विचारतात: पगार किती, आणि पर्मनंट आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' एवढेच आहे. पहिल्याचे उत्तर द्यायला मात्र बराच वेळ लागतो, म्हणून ते एकदा लिहून ठेवते आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण तीन जिल्ह्यांत जे सहकारी भेटले त्यांच्या कंपन्या वेगवेगळ्या असूनही त्यांची गाऱ्हाणी आणि त्यांचे समाधान माझ्यासारखेच होते.

आधी ही नोकरी निर्माण कुठून होते ते पाहू. योजना येते, निधी येतो, पण कार्यालयातील मंजूर पदे रिकामी असतात आणि असलेल्या कर्मचाऱ्यांवर आधीच दहा योजनांचा भार असतो. त्यामुळे देखरेख, पाहणी, सर्वेक्षण, गावबैठका, अहवाल ही कामे निविदा काढून बाहेर दिली जातात. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'पोकरा'त, पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे होते आणि त्यात बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ व वर्धा हे विदर्भाचे सहा जिल्हे होते. गावपातळीवरचे समूह सहाय्यक त्या प्रकल्पाने बाह्यस्रोतातूनच घेतले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्येही गावात लोकसहभागाचे काम करणारी साहाय्यक संस्था आणि कामाची तपासणी करणारी त्रयस्थ संस्था यांची तरतूद मार्गदर्शक सूचनांतच आहे. तेव्हा या कंपन्या चोरवाटेने आलेल्या नाहीत. शासनाने लेखी निमंत्रण देऊन त्यांना बोलावले आहे, आणि ते काम कोणीतरी करणे आवश्यकही आहे.

मात्र 'कन्सल्टंट' या एका शब्दाखाली चार प्रकारची माणसे नेमली जातात. कोणी प्रकल्प व्यवस्थापन कक्षात, म्हणजे पीएमयूमध्ये, अधिकाऱ्याच्या शेजारी बसतो. कोणी पाइप आणि टाक्या तपासत फिरतो. कोणी टॅब घेऊन घरोघर माहिती भरतो. आणि कोणी नावाला सल्लागार असून प्रत्यक्षात त्या कार्यालयाचा डेटा एंट्री ऑपरेटर असतो. जाहिरातीत हा फरक कळत नाही. माझी नेमणूक 'क्षेत्रीय समन्वयक' म्हणून झाली आणि पहिले पाच महिने मी एक्सेलमध्ये गावांच्या नावांचे स्पेलिंग दुरुस्त करत होते.

कंपनीला काम कसे मिळते हे समजले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. मोठ्या कामांत गुणवत्ता आणि दर यांचे एकत्रित गुण धरतात. बहुतेकदा ७० गुण तांत्रिक प्रस्तावाला आणि ३० दराला असतात. तांत्रिक प्रस्तावात कंपनी ज्या तज्ज्ञांचे बायोडेटा जोडते, त्यांना मोठे गुण असतात. पंधरा-वीस वर्षांच्या अनुभवाचे हे तज्ज्ञ आम्हाला पहिल्या बैठकीत दिसले, त्यांच्यासोबत आम्ही जेवलो, आणि नंतर त्यांच्या जागी 'समकक्ष' म्हणून आलेला माणूस माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता. स्वतःबाबत सांगायचे तर माझा बायोडेटा मला न विचारता आणखी तीन निविदांना जोडला गेला होता. त्यातल्या एकात माझा अनुभव दोन वर्षांनी वाढला होता, जे मला एका परक्या माणसाने फोन करून अभिनंदन केल्यावर कळले. सही कोणाची होती हे मी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की ती स्कॅन केलेली आहे, काळजी करू नका.

आता पैशांविषयी. माझे मानधन महिना २८,००० रुपये होते. 'मानधन' हा शब्द येथे शोभेसाठी वापरलेला नसतो, कारण करारानुसार मी कर्मचारी नव्हते, व्यावसायिक सल्लागार होते. त्यामुळे व्यावसायिक शुल्काला लागू असलेल्या, तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम १९४-जे नुसार १० टक्के कर आधीच कापला जाई आणि खात्यात २५,२०० रुपये जमा होत. भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा कराराच्या कृपेवर. एवढे उत्पन्न असणाऱ्याला करसवलत धरता काहीच कर भरावा लागत नाही. म्हणजे वर्षभरात कापलेले ३३,६०० रुपये विवरणपत्र भरले की परत मिळतात. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितले नाही, कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने तर नाहीच. दुसऱ्या वर्षी पांढरकवड्याच्या एका कर सल्लागाराने पाचशे रुपये घेऊन विवरणपत्र भरून दिले, आणि परतावा खात्यात आला त्या दिवशी मी घरी नवा कूलर नेला. या नोकरीत येणाऱ्या प्रत्येकाने नेमणूकपत्रावर सही करण्याआधी आपण पगारपत्रकावर आहोत की सल्लागाराच्या मानधनावर, एवढे तरी विचारून घ्यावे.

एकदा बिलाला कागद जोडताना माझ्या पदाचा दर माझ्या डोळ्यांसमोर आला. माझ्या एका महिन्यासाठी कंपनी शासनाकडे ७१,००० रुपये मागत होती. त्या रात्री मला झोप आली नाही. नंतर शांतपणे विचार केल्यावर त्या फरकातला सगळाच भाग कंपनीच्या खिशात जात नाही हे कळले. बँक हमी द्यावी लागते, सहा-सहा महिने अडकलेल्या पैशांवर व्याज जाते, नागपूरचे कार्यालय आणि भाड्याच्या गाड्या चालवाव्या लागतात, निविदा हरल्या तर तोही खर्च इथूनच निघतो. तरीही पेट्रोलचे किलोमीटरमागे तीन रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये ही मर्यादा ठरवणाऱ्याने पावसाळ्यात झरी-जामणी तालुक्यातून एकदा तरी स्कूटी चालवून पाहावी, असे मला आजही वाटते. तिथली काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते की काडीने उकरून काढल्याशिवाय गाडी वीतभरही सरकत नाही.

मानधन किती यापेक्षा ते कधी, हा प्रश्न अधिक त्रासाचा आहे. कंपनीचे बिल महिन्यावर निघत नाही, अहवालांवर निघते. अहवाल समितीने मान्य करायचा, मग बिल, मग वरून तरतूद, मग 'बीडीएस आला का', म्हणजे निधी वाटपाच्या शासकीय प्रणालीतून पैसे सुटले का, ही रोजची विचारणा, आणि या साखळीच्या शेवटच्या कडीला आम्ही. २०२४ साली आमचा तिमाही अहवाल जानेवारीत गेला. वरच्या कार्यालयातली समितीची बैठक १८ मार्चला ठरली होती आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. झालेल्या कामाचे पैसे देण्यास आचारसंहिता आडवी येत नाही, हे आम्ही नियमांसह दाखवू शकत होतो. पण दाखवायचे कोणाला? सगळी यंत्रणा निवडणुकीत होती. यवतमाळ जिल्ह्यात तर वणी आणि आर्णी हे विधानसभा मतदारसंघ चंद्रपूर लोकसभेत असल्याने तिथे १९ एप्रिलला मतदान आणि उरलेल्या भागात २६ एप्रिलला, म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन निवडणुका झाल्यासारखेच होते. निकाल ४ जूनला लागला, आमचे पैसे जूनच्या अखेरीस आले. तोवर खोलीचे भाडे घरमालकीण काकूंनी मागितले नाही आणि किराण्याच्या वहीत माझ्या नावाची दोन पाने भरली. घरून पैसे मागवायचे तर बाबांना काय सांगणार, झेडपीचा पगार झाला नाही? १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा मी आधीच दोन महिन्यांचे तांदूळ-डाळ भरून ठेवले होते.

एवढे वाचून कोणालाही वाटेल की मी चार वर्षे तिथे का थांबले. त्याचे उत्तर ज्या टेबलाविषयी बाबा विचारत, त्याच टेबलावर आहे. माझ्या शेजारी सेवानिवृत्तीला तीन वर्षे उरलेले एक वरिष्ठ सहाय्यक बसत. सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. मी लिहिलेला पहिला प्रस्ताव त्यांनी वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही निबंध चांगला लिहिला, आता टिपणी लिहा." मग त्यांनी शिकवले: विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, नियम, आणि शेवटी साहेबाला 'होय' किंवा 'नाही' एवढेच लिहायचे उरेल असा प्रस्ताव, ज्याखाली 'मान्यतेस्तव सविनय सादर'. नस्ती, म्हणजे फाइल, कोणत्या टेबलावर किती दिवस थांबली तर विचारायला जावे आणि किती दिवस थांबली तर जाऊ नये, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता यांत कोण कोणाची वाट पाहते, शासन निर्णयावरच्या सांकेतांकावरून मूळ निर्णय कसा शोधायचा आणि त्याच्या नंतर निघालेले शुद्धिपत्रक आहे का हे आधी का पाहायचे, हे सगळे त्यांनी डब्यातली भाजी वाटून घेता घेता शिकवले. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात यातले एक अक्षर नव्हते. आज माझ्या गावातली कोणतीही बाई घरकुलाचा किंवा निराधार योजनेचा अर्ज अडला म्हणून माझ्याकडे येते तेव्हा तो कुठे अडला असेल, याचा अंदाज मला बसल्या जागी येतो. ही मिळकत १९४-जे मध्ये मोजली जात नाही.

या नोकरीतला सर्वांत मोठा दोष मात्र मला कार्यालयात दिसला नाही, पोडावर दिसला. कोलामांच्या वस्तीला आपल्याकडे पोड म्हणतात. डोंगराच्या कडेला असलेल्या अशाच एका पोडावर मी टॅब घेऊन पाणीपुरवठ्याची पाहणी करत होते. तिथे मोबाईल कधी महाराष्ट्राचा टॉवर पकडतो, कधी तेलंगणाचा, बहुतेकदा कोणताच नाही. अंगणात सिमेंटच्या ठोकळ्यावर नळ उभा होता, त्याची तोटी प्लॅस्टिकच्या पिशवीने बांधलेली होती आणि ठोकळ्याला शेळी बांधलेली होती. आजीने मला बसायला खाट टाकली. मी विचारले, "आजी, नळ आहे ना?" त्या म्हणाल्या, "नळ त हाये बाई, पानी कोठी हाये?" माझ्या टॅबवर पहिला प्रश्न होता 'नळजोडणी आहे का', आणि तिथे 'होय' भरून तोटीचा फोटो काढल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. पिशवी काढून फोटो काढू का, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की राहू दे, विंचू बसतो आत.

पाणी येते का, किती येते, हे प्रश्न पुढे होते आणि ते मी प्रामाणिकपणे भरले. जलजीवन मिशनच्या व्याख्येत चालू नळजोडणी म्हणजे दर माणशी दररोज ५५ लिटर, पिण्यायोग्य आणि नियमित पाणी. पण सोमवारच्या व्हीसीसाठी, म्हणजे वरिष्ठांच्या व्हिडिओ बैठकीसाठी, जो तक्ता तयार झाला, त्यात फक्त पहिल्या प्रश्नाची बेरीज होती. मी आमच्या टीम लीडर सरांना विचारले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांगितले की क्लायंटने एवढाच रकाना मागितला आहे. त्या दिवशी मला या व्यवसायाची किल्ली सापडली: कंपनीचा ग्राहक कार्यालय आहे, आजी नव्हे, आणि ग्राहकाने जे मागितले तेच पुरवले जाईल. बिल अहवालाचे निघते, पाण्याचे नाही. त्यामुळे अहवाल वेळेवर, स्वच्छ, रंगीत आलेखांसह आणि विनाचूक जातो. त्या शिस्तीचे मला कौतुकच आहे. खात्यात इतके नेटके अहवाल मी क्वचित पाहिले. मात्र त्यात जे विचारलेले नाही ते लिहिण्याची जागा परिशिष्टात असते, आणि परिशिष्ट कोणी वाचत नाही.

म्हणजे जवळपास कोणी नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराईड अधिक आहे. भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. एका वस्तीवर मुले हसली की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत. मी तिथल्या हातपंपाचा जुना तपासणी अहवाल अंगणवाडीच्या कपाटातून शोधून काढला, त्यात आकडा अडीचच्या वर होता, आणि तो मी आमच्या अहवालाच्या सातव्या परिशिष्टात ४३व्या ओळीत टाकला. तीन आठवड्यांनी एका उपअभियंत्याचा फोन आला: "मॅडम, ही त्रेचाळीस नंबरची ओळ खरी आहे का?" त्यांनी नमुना पुन्हा तपासला, नाल्यापलीकडच्या विहिरीचा प्रस्ताव केला, ती टिपणी मी आणि बडे बाबूंनी मिळून लिहिली, आणि १४ महिन्यांनी त्या वस्तीला विहिरीचे पाणी मिळू लागले. कंपनीच्या कोणत्याही सादरीकरणात ही गोष्ट नाही, कारण ती आमच्या कार्यादेशात नव्हती. पण बाहेरून आलेला, बदलीची भीती नसलेला आणि कोणत्याही गटाचा नसलेला माणूस अशी ओळ लिहू शकतो, हा या नोकरीचा फायदा मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

त्याच गोष्टीची दुसरी बाजू म्हणजे आपण कोणाचेच नसतो. खात्यातले कर्मचारी संपावर गेले की आम्हाला कार्यालय उघडून बसावे लागे, आणि ते परत आले की आमच्याशी आठ दिवस कोणी बोलत नसे. गावात मात्र सगळा राग आमच्यावर, कारण ओळखपत्रावर योजनेचे नाव मोठे. व्हीसीच्या आदल्या रात्री अकरा वाजता गुगल शीट लाल दिसते म्हणून फोन येई, आणि ती हिरवी करण्यासाठी गावातल्या शिपाईदादांना झोपेतून उठवावे लागे. मुलींसाठी आणखी एक सांगते. मुक्कामाची सोय ही कंपनीच्या हिशेबात 'स्वतः पाहावी' या सदरात असते. दिवसभर तीन-चार गावे फिरताना शौचालयाची अडचण कोणत्याही नियोजनात नसते. आम्ही शाळेतल्या बाईंशी ओळख ठेवूनच निभावले. कायद्याने कर्मचारी स्त्रीला २६ आठवड्यांची प्रसूती रजा आहे, पण माझी एक सहकारी 'सल्लागार' होती. तिचा करार सातव्या महिन्यात संपला आणि नव्याने झाला नाही.

कोणी विचारले की यापेक्षा दुसरे काय, तर बचत गटांचे काम करणाऱ्या उमेदसारख्या शासकीय अभियानांतही बरीच पदे कंत्राटीच आहेत. मुख्यमंत्री फेलोशिप चांगली आहे, पण तिला २१ ते २६ अशी वयाची अट आहे आणि जागा मोजक्या आहेत. स्वयंसेवी संस्थेत मन रमते, मात्र तिथेही पैसा प्रकल्पावरच येतो. त्यामुळे पंचविशीतल्या, घरची जबाबदारी अंगावर नसलेल्या आणि किमान चार महिन्यांचा खर्च गाठीशी असलेल्या मुलामुलींनी दोन-तीन वर्षांसाठी ही नोकरी जरूर करावी, असे माझे मत आहे. ज्यांच्या पगारावर कर्जाचा हप्ता आहे त्यांनी करू नये. जाण्याआधी निविदेची मुदत कधी संपते ते विचारावे, कारण आपला करार कितीही लांब असला तरी नोकरी तेवढीच टिकते. मुलाखतीत पूर्वीच्या कर्मचाऱ्याचा नंबर मागावा. तो देताना कंपनी अडखळली तर तेच उत्तर समजावे. आणि बसण्याची जागा कार्यालयात मिळणार असेल तर महिन्याला दोन हजार कमी असले तरी तीच घ्यावी.

मी २०२५ च्या उन्हाळ्यात राजीनामा दिला. टॅब, त्याचा चार्जर आणि ओळखपत्र जमा करून ना-देय प्रमाणपत्र घेतले. शेवटच्या दोन महिन्यांचे मानधन पाच महिन्यांनी आले, पण पूर्ण आले, हेही नमूद केले पाहिजे. ओळखपत्र परत द्यावे लागल्याचे बाबांना जरा वाईट वाटले. मागच्या महिन्यात कंपनीचा पुन्हा मेल आला. विदर्भातल्या एका नव्या निविदेसाठी त्यांना माझा अद्ययावत बायोडेटा हवा होता. मी तो पाठवला. प्रत्येक पानावर तारीख टाकून सही केली आणि खाली 'फक्त याच निविदेसाठी' असे लिहिले.